मधुमेहजन्य दृष्टिपटल-शोथ आणि लेसर चिकित्सा : वैद्यांनी जाणून घ्यावयाचे काही

प्रास्ताविक

मधुमेह आणि त्याचे उपद्रव हा आपल्या नित्य व्यवसायातील विषय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडिआब पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेही रुग्णांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. यांपैकी अनेक रुग्ण आधुनिक औषधे घेत असतानाच आपल्याकडेही येतात. कोणी पथ्यासाठी येतो, कोणी पायांच्या दाहासाठी, कोणी दौर्बल्यासाठी. बोलता बोलता असा रुग्ण म्हणतो, "वैद्यराज, अलीकडे पेपर वाचताना अक्षरे धूसर दिसतात. डोळ्यांसाठी एखादे चूर्ण द्या." या एका वाक्यावर वैद्याने काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मधुमेहात दृष्टिपटलाच्या मध्यभागी येणारी सूज हे दृष्टी मंदावण्याचे एक प्रमुख कारण आहे. या सुजेवर लेसर किरणांची चिकित्सा गेली चार दशके केली जात आहे. रुग्णांमध्ये तिच्याविषयी भीती आहे आणि अवास्तव अपेक्षाही आहेत. "लेसर करूनही नजर आली नाही", "लेसरने डोळा जळाला", "लेसरपेक्षा त्रिफळा घृत बरे" अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. म्हणून ही चिकित्सा काय साधते, काय साधत नाही आणि तिच्यात आपले स्थान कोणते, याचा विचार आम्ही येथे क्रमाने करणार आहोत.

सूज कोठे व कशी येते

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या आतील भागाला असलेले प्रकाशग्राही अस्तर. सामान्य बोलीत याला डोळ्याचा पडदा म्हणतात. त्याच्या मध्यभागी पीतबिंदू हा काही मिलिमीटर व्यासाचा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे, रंग पारखणे ही सारी सूक्ष्म कामे या लहानशा जागेवर अवलंबून असतात. बाकीचा पडदा आजूबाजूचे भान देतो, परंतु अक्षर वाचून देत नाही.

दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेने येथील केशवाहिन्यांच्या भिंती दुर्बल होतात. त्यांना आधार देणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि जागोजागी सूक्ष्म फुगवटे तयार होतात. त्यांतून रक्तातील द्रव व मेदयुक्त अंश झिरपू लागतात. द्रव पडद्याच्या थरांत साठला की सूज येते. मेदाचा अंश मागे राहिला की पिवळट ठिपके दिसतात. काही केशवाहिन्या बंद पडल्याने पडद्याला प्राणवायू कमी मिळतो. अशा वेळी पडद्यातील पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात निर्माण करतात. हे प्रथिन वाहिन्यांची गळती आणखी वाढविते, तसेच नव्या परंतु ठिसूळ वाहिन्यांच्या वाढीस चालना देते.

या विकारात वेदना नाही, लाली नाही, स्राव नाही. सूज पीतबिंदूच्या केंद्रापर्यंत पोहोचेपर्यंत रुग्णाची नजर ६/६ असू शकते. एका डोळ्याची नजर उतरली तरी दुसरा चांगला डोळा ती उणीव झाकून टाकतो. त्यामुळे रुग्णाला तक्रार नाही याचा अर्थ विकार नाही, असा घेता येत नाही. भारतातील ४० वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. तीत मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के लोकांच्या पडद्यात मधुमेहजन्य बदल आढळले, तर सुमारे ४ टक्के लोकांत ते दृष्टीला धोका पोहोचविणारे होते. शंभर मधुमेही नियमाने येत असलेल्या चिकित्सालयात असे चार-पाच रुग्ण असणे संभवनीय आहे. ते कोण, हे नाडी, जिव्हा वा नेत्राचे बाह्य परीक्षण करून कळत नाही.

शास्त्रातील तिमिर आणि आजचे निदान

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे जे सविस्तर वर्णन केले आहे, त्यात दोष जसजसे आतील पटलांत शिरतात तसतशी दृष्टी कशी बिघडत जाते, हे क्रमवार सांगितले आहे. प्रथम अस्पष्टता, पुढे माश्या, केस, जाळी यांसारखे आभास आणि शेवटी लिंगनाश, असा हा क्रम आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात तिमिराची उपेक्षा केली तर ते काचत्वास जाते आणि काचाची उपेक्षा अंधत्वास नेते, म्हणून तिमिराची चिकित्सा त्वरेने करावी, असा स्पष्ट इशारा दिला आहे.

जिवंत माणसाच्या डोळ्यातील पडदा पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वी पडद्यातील गळती कोणासही दिसणे शक्य नव्हते. त्यामुळे आजच्या पीतबिंदू-शोथाला ग्रंथातील एकच नाव चिकटविणे आम्हांस सयुक्तिक वाटत नाही. नाव कोणते द्यावे यावर विद्वानांनी चर्चा जरूर करावी. व्यवहारासाठी मात्र वाग्भटाचार्यांचा "त्वरेने" हा शब्द पुरेसा आहे.

लेसर हे अग्निकर्मच आहे, असेही काही वेळा म्हटले जाते. दाहाने रोग थोपविणे एवढे साम्य आहे खरे. परंतु सुश्रुताचार्यांनी वर्त्मरोगांत पापणीच्या रोमकूपांवर अग्निकर्म सांगताना दृष्टीवर ओल्या अलक्तकाचे आच्छादन ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे दृष्टीला दाहापासून जपणे हा त्यांचा आग्रह आहे. लेसर चिकित्सेतही पीतबिंदूचे केंद्र कटाक्षाने टाळावे लागते. या सावधगिरीपुरते साम्य मानावे. त्यापुढे जाऊन आपल्या अग्निकर्माचे अधिकार पडद्यापर्यंत नेऊ नयेत.

लेसरचा पूर्वेतिहास

प्रकाशाने पडदा भाजून रोग थोपविता येईल ही कल्पना सूर्यग्रहणातून आली, हे वाचकांना मनोरंजक वाटेल. जर्मनीतील नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्वीकेराथ यांनी १९४५ च्या सूर्यग्रहणानंतर, ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पीतबिंदू भाजलेला रुग्ण पाहिला. सूर्यप्रकाश जर पडद्यावर असा व्रण करतो, तर तोच प्रकाश मोजून-मापून वापरल्यास उपयोगी पडेल, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी प्रथम सूर्यप्रकाशावरच प्रयोग केले आणि पुढे १९५० च्या दशकात झेनॉन दिव्याचे यंत्र वापरात आणले. आपल्याकडे ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये असे सांगतात, त्यामागील एक शारीर कारण या घटनेत दिसते.

१९६० साली थिओडोर मैमन यांनी पहिला लेसर तयार केला. त्याचा किरण एकाच रंगाचा आणि अत्यंत बारीक जागेवर एकवटता येणारा असल्याने नेत्रचिकित्सेला तो सोयीचा ठरला. १९६८ च्या सुमारास फ्रान्सिस लेस्पेरान्स यांनी अरगॉन लेसर मानवी नेत्रचिकित्सेत आणला. आज हिरवा ५३२ नॅनोमीटरचा आणि पिवळा ५७७ नॅनोमीटरचा किरण अधिक वापरला जातो. निळा किरण पीतबिंदूतील पिवळे रंगद्रव्य शोषून घेते व त्या जागेस इजा होऊ शकते, म्हणून तो तेथे टाळतात.

लेसर नेमके काय करतो

पीतबिंदूच्या परिसरातील गळक्या फुगवट्यांवर ५० ते १०० मायक्रॉन व्यासाचे ठिपके दिले जातात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रत्येक ठिपक्याचा काळ साधारणतः सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी असतो. किरणाची उष्णता मुख्यतः पडद्याखालील रंगद्रव्ययुक्त थरात शोषली जाते. गळती एका जागी असेल तर त्या जागेवरच, आणि पसरलेली असेल तर जाळीसारखे अंतर ठेवून ठिपके दिले जातात. यामुळे काही फुगवटे बंद होतात. तसेच प्राणवायू अधिक खाणाऱ्या काही पेशी कमी झाल्याने उरलेल्या भागाला तो अधिक मिळतो आणि गळती वाढविणाऱ्या प्रथिनाची निर्मिती घटते. साठलेला द्रव हळूहळू शोषला जातो. या क्रियेस आठवडे नव्हे तर महिने लागतात. म्हणून पुनर्तपासणी बहुधा तीन ते चार महिन्यांनी होते.

चिकित्सा बाह्यरुग्ण विभागातच होते. बाहुली मोठी करणारे आणि बधिर करणारे थेंब घालून रुग्णास यंत्रासमोर बसवितात. डोळ्यावर एक भिंग टेकवितात आणि काही मिनिटांत काम आटोपते. रुग्णाला प्रखर झगमगाट जाणवतो, वेदना अल्प असते. त्या दिवशी वाहन चालवू नये, सोबत कोणीतरी असावे.

या चिकित्सेचे दोषही सांगितले पाहिजेत. ठिपक्यांच्या जागी पडद्याचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. काही रुग्णांना नजरेच्या मध्याजवळ बारीक काळसर डाग जाणवतात. व्रण कालांतराने पसरू शकतो. ठिपका चुकून केंद्रावर पडला तर मोठे नुकसान होते. लेसर हे काही प्रमाणात देऊन अधिक राखण्याचे साधन आहे, हे रुग्णास आधी सांगितलेले बरे.

चाचण्यांनी काय सिद्ध केले

या चिकित्सेचा मुख्य आधार अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्रसंस्थेने केलेल्या ईटीडीआरएस या अभ्यासात आहे. त्यात ३,७११ रुग्णांचा समावेश होता आणि पीतबिंदू-शोथाविषयीचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. ज्या डोळ्यांना लेसर दिला नाही, त्यांपैकी सुमारे २४ टक्के डोळ्यांची नजर तीन वर्षांत लक्षणीय उतरली. ज्यांना वेळीच लेसर दिला त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. म्हणजे दृष्टिहानीचा धोका निम्म्यावर आला.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अभ्यासाने धोका घटल्याचे सांगितले आहे, गेलेली नजर परत आल्याचे सांगितलेले नाही. लेसरनंतर नजर ठळकपणे सुधारलेले रुग्ण त्यात मोजकेच होते. "लेसर करूनही नजर आली नाही" अशी तक्रार रुग्ण करतो, तेव्हा अनेकदा चिकित्सेने आपले काम केलेले असते. नजर आहे तेथे टिकली, हेच तिचे यश होय. म्हणूनच लेसरचा लाभ रुग्ण किती नजर शिल्लक असताना नेत्रतज्ज्ञांकडे पोहोचला यावर फार अवलंबून असतो. हे पोहोचविण्याचे काम आपल्या हातात आहे.

इंजेक्शनचे पर्व आणि लेसरचे आजचे स्थान

२०१० नंतर या चिकित्सेत मोठा बदल झाला. व्हीईजीएफ या प्रथिनास अडविणारी औषधे डोळ्याच्या आतील पोकळीत इंजेक्शनने देण्यास सुरुवात झाली. २०१० साली अमेरिकेतील संशोधन-जाळ्याने ८५४ डोळ्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. एका वर्षानंतर केवळ लेसर मिळालेल्या गटात नजर सरासरी ३ अक्षरांनी, तर रॅनिबिझुमॅब मिळालेल्या गटांत ती सरासरी ९ अक्षरांनी सुधारली. नजर परत मिळविण्याची शक्यता प्रथमच इतक्या ठळकपणे दिसली. त्यामुळे सूज केंद्रात असेल आणि नजर उतरली असेल, तर आज इंजेक्शनलाच प्रथम स्थान आहे. काही रुग्णांत स्टेरॉइडचे इंजेक्शन वा रोपण वापरतात. त्याने मोतीबिंदू आणि डोळ्यातील दाब वाढण्याचा संभव असतो.

मग लेसर कालबाह्य झाला काय? तसे नाही. सूज केंद्राबाहेर असेल आणि गळतीची जागा निश्चित असेल, तेथे लेसर आजही उपयुक्त आहे. इंजेक्शने वारंवार घ्यावी लागतात, खर्च व खेपा वाढतात, आणि मध्येच चिकित्सा सोडणाऱ्या रुग्णांचे नुकसान होते. अशा ठिकाणीही नेत्रतज्ज्ञ लेसरचा विचार करतात. पिवळ्या किरणाचे अतिसूक्ष्म स्पंद देऊन दृश्य व्रण न करणारी पद्धतही प्रचारात आली आहे. माफक सूज असलेल्या रुग्णांत ती नेहमीच्या लेसरपेक्षा कमी प्रभावी नाही, असे ब्रिटनमधील २०२२ च्या चाचणीत आढळले.

खर्चाच्या दृष्टीने आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आरंभी स्वस्त बेव्हॅसिझुमॅब देऊन गरज पडली तरच महाग औषधाकडे वळण्याचा मार्ग अवलंबिला. दोन वर्षांनंतरची नजर आरंभापासून महाग औषध दिलेल्या गटाइतकीच होती. खर्चाच्या भीतीने रुग्ण मागे फिरत असेल तर स्वस्त पर्यायाविषयी नेत्रतज्ज्ञांना विचारण्यास त्याला आवर्जून सांगावे.

२०१९ साली प्रसिद्ध झालेली ७०२ रुग्णांची चाचणीही लक्षात घ्यावी. केंद्रात सूज असूनही ज्यांची नजर उत्तम होती, अशांचे तीन गट केले. एकास आरंभापासून इंजेक्शने, दुसऱ्यास लेसर आणि तिसऱ्यास केवळ निरीक्षण. दुसऱ्या व तिसऱ्या गटात नजर उतरू लागताच इंजेक्शन देण्याची सोय ठेवली होती. दोन वर्षांनी नजर उतरलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १६, १७ आणि १९ टक्के होते, म्हणजे फरक नगण्य. याचा अर्थ सूज दिसताच प्रत्येकास सुई वा किरण हवाच असे नाही. परंतु हे निरीक्षण ठरावीक अंतराने यंत्रावर पडद्याची जाडी मोजून केलेले होते. घरी बसून वाट पाहणे म्हणजे निरीक्षण नव्हे.

"लेसर केला" म्हणजे काय केले

रुग्ण डोळ्याला लेसर केल्याचे सांगतो, तेव्हा कोणता लेसर हे विचारावे. तरुणांचा चष्मा घालविण्याचा लेसर पारदर्शपटलावर करतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम भिंगामागील पडदी गढूळ झाल्यास ती छेदण्याचा लेसर निराळा. काचबिंदूच्या काही प्रकारांत कनीनिकेला छिद्र पाडण्याचा लेसर आणखी वेगळा. मधुमेहात पडद्यावरील लेसरचेही दोन प्रकार आहेत. एक, वर सांगितलेला पीतबिंदूभोवतीचा मोजक्या ठिपक्यांचा. दुसरा, नव्या ठिसूळ वाहिन्या आवरण्यासाठी पडद्याच्या बाहेरील भागावर अनेक ठिपके देण्याचा. दुसऱ्या प्रकाराने अंधारात व बाजूचे दिसणे काहीसे कमी होऊ शकते आणि पीतबिंदूची सूज तात्पुरती वाढूही शकते. जुन्या चिकित्सेचे कागद पाहिल्याशिवाय त्यावर मत देऊ नये.

आणखी एक भ्रम सर्वत्र आढळतो. वयस्क मधुमेह्याला धूसर दिसू लागले की तो मोतीबिंदू असणार, पिकेपर्यंत थांबू, असे घरचे ठरवितात. पडद्याला सूज असताना केलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती सूज वाढू शकते. म्हणून पडद्याची तपासणी आधी होणे आवश्यक आहे.

वैद्यांचे कार्यक्षेत्र

या सुजेवर लेसर वा इंजेक्शनच्या ऐवजी देता येईल, असे मोठ्या नियंत्रित चाचण्यांत सिद्ध झालेले औषध आपल्या शास्त्राच्या आधारे आज उपलब्ध नाही. हे मान्य केल्याने आयुर्वेदाला उणेपणा येत नाही. निदानपरिवर्जन, पथ्य आणि दिनचर्या यांत आपण जे करू शकतो त्याचा पडद्याशी थेट संबंध आहे. ब्रिटनमधील यूकेपीडीएस अभ्यासात रक्तशर्करा काटेकोर राखल्याने सूक्ष्मवाहिन्यांचे उपद्रव सुमारे २५ टक्क्यांनी घटले. रक्तदाब काटेकोर राखलेल्या गटात पडद्याचा विकार बळावण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी होता. हे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह्याच्या डोळ्यांचा विचार करताना रक्तदाब मोजणे म्हणूनच अनिवार्य समजावे. पांडू, मूत्रपिंडाची क्षीणता आणि मेदोवृद्धी यांकडेही लक्ष असावे. दोन्ही डोळ्यांत सूज आणि पायांवर शोथ असेल तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. पायोग्लिटाझोन या गोळीने शरीरात द्रव साठतो व पीतबिंदूची सूज वाढू शकते. अशी गोळी चालू असल्यास ती आपण बंद न करता तिची नोंद संबंधित डॉक्टरांना कळवावी.

फार काळ वाढलेली शर्करा अकस्मात खाली आणल्यास पडद्याचा विकार काही काळ बळावतो, असेही आढळले आहे. म्हणून कडक लंघन वा आहारात एकदम मोठा बदल करण्यापूर्वी पडदा तपासलेला असावा. रुग्ण शर्करा कमी करणाऱ्या गोळ्या घेत असताना त्याच गुणाचे आपले औषध जोडल्यास शर्करा अति खाली जाऊ शकते. त्यावर लक्ष ठेवावे.

चिकित्सालयात पुढील गोष्टी पाळाव्यात, अशी आमची विनंती आहे.

१. प्रौढ वयातील मधुमेहाचे निदान होताच बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्यावी आणि पुढे दरवर्षी करावी. रुग्णपत्रिकेत या तपासणीच्या तारखेसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा. मधुमेही स्त्री गर्भवती असेल तर तपासणीत विलंब करू नये.

२. एकेक डोळा तळहाताने झाकून, नेहमीचा वाचनाचा चष्मा लावून, भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटी पाहण्यास सांगावे. रेषा वाकड्या दिसल्या, एखादी चौकट पुसट वा नाहीशी वाटली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. चौकटी नीट दिसल्या तरी वार्षिक तपासणी चुकवू नये.

३. एकाएकी काळे ठिपके, जाळी वा पडदा ओढल्यासारखे दिसू लागल्यास त्याच दिवशी पाठवावे. पडद्यावर नव्या वाहिन्या असल्याचे कळले असेल, तर तज्ज्ञांची अनुमती मिळेपर्यंत शीर्षासन, जड ओझे उचलणे, जोराचे कपालभाती आणि वमनासारखी जोर पडणारी कर्मे टाळावीत.

४. डोळ्यात इंजेक्शन घेतलेल्या रुग्णास तर्पण, अंजन, आश्च्योतन वा त्रिफळा क्वाथाने नेत्रप्रक्षालन करू नये. ते पुन्हा केव्हा सुरू करावे हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे. इंजेक्शनच्या जागी लाल डाग उमटणे सामान्य आहे. परंतु पुढील काही दिवसांत वेदना, वाढती लाली आणि नजर उतरणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी एक दिवसही दवडू नये.

५. पडद्याच्या तपासणीसाठी शिरेतून पिवळे रंगद्रव्य दिल्यास त्वचा आणि मूत्र दिवसभर पिवळे दिसते. ही कामला नव्हे. रुग्ण घाबरून आला तर आदल्या दिवशी अशी तपासणी झाली होती काय, हे प्रथम विचारावे.

६. डोळ्यात रक्त उतरेल या भीतीने काही रुग्ण हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची गोळी आपणहून सोडतात. ईटीडीआरएस अभ्यासात ॲस्पिरिनमुळे असा धोका वाढलेला आढळला नाही. गोळी सोडू नये, असे त्यांना सांगावे.

औषधालय चालकांसाठी

औषधालयाच्या काउंटरवर "डोळ्यांत घालायला काहीतरी द्या" असे म्हणणारा मधुमेही ग्राहक रोज येतो. डोळा लाल नाही, दुखत नाही, फक्त धूसर दिसते, असे तो सांगत असेल तर त्याला थेंबांची बाटली न देता पडदा तपासण्याचा सल्ला द्यावा. वरून घातलेल्या थंडावा देणाऱ्या थेंबांनी पडद्याची सूज उतरत नाही. उलट काहीतरी औषध चालू आहे या समाधानात महिने जातात. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडयुक्त थेंब देऊ नयेत. त्यांनी डोळ्यातील दाब वाढून वेगळेच नुकसान होऊ शकते.

च्यवनप्राशासारखे अवलेह, तसेच आसव व अरिष्टे यांत साखर वा गूळ असतो. मधुमेही ग्राहकास ते देताना तशी स्पष्ट कल्पना द्यावी. मूत्रपिंड क्षीण झालेल्या रुग्णास रसौषधी वैद्यांच्या देखरेखीशिवाय विकू नयेत.

जाहिरातीबाबत कायद्याचेही भान हवे. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह, मोतीबिंदू, काचबिंदू आणि अंधत्व यांचा समावेश आहे. या विकारांवर हमखास उपाय म्हणून फलक लावणे वा पत्रके वाटणे हा अपराध ठरतो. कायद्याहूनही मोठा प्रश्न असा की "लेसरशिवाय नजर परत" असे पत्रक वाचून एखादा रुग्ण सहा महिने थांबला आणि त्या काळात पीतबिंदू कायमचा बिघडला, तर ते नुकसान कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

उपसंहार

समजा, बारा वर्षांचा मधुमेह असलेले ५५ वर्षांचे शिक्षक आपल्याकडे आले आहेत. त्यांना फळ्यावरील अक्षर दिसते, परंतु वह्या तपासताना डाव्या डोळ्यापुढे धूसर वाटते. पडद्याची तपासणी कधी झालेली नाही. अशा रुग्णास आपण पथ्य सांगू, रक्तदाब मोजू आणि आपले औषध विचारपूर्वक देऊ. परंतु त्याच भेटीत जवळचे नेत्ररुग्णालय, जिल्हा रुग्णालय वा वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग यांच्या नावे चिठ्ठीही लिहून देऊ. चिठ्ठीत मधुमेहाचा काळ, शर्करेचे व रक्तदाबाचे अलीकडील आकडे, मूत्रपिंडाची स्थिती आणि आपण देत असलेली औषधे एवढे नमूद असावे. पुढील भेटीत नेत्रतज्ज्ञांचा अभिप्राय मागून घ्यावा. तो आणला नसेल तर औषध देण्यापूर्वी त्याची चौकशी करावी.

रुग्णाने लेसरविषयी विचारले तर त्याला खरे तेच सांगावे. नजर पूर्वीसारखी होईल असे आश्वासन देऊ नये आणि डोळा जळेल अशी भीतीही घालू नये. लेसर लागेल, इंजेक्शन लागेल की केवळ निरीक्षण पुरे, हे पडदा पाहिल्यावर नेत्रतज्ज्ञ ठरवतील. रुग्ण ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचेच ऐकतो, आणि अनेक कुटुंबांत तो विश्वास आजही वैद्यावर आहे. वैद्याने "जाऊन या" म्हटले तर रुग्ण जातो. "बघू पुढे" म्हटले तर थांबतो. या विकारात थांबण्याची किंमत रुग्णाला दृष्टीने मोजावी लागते. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी आपल्याकडील मधुमेही रुग्णांच्या पत्रिका या दृष्टीने एकदा चाळाव्यात आणि ज्यांची पडदा-तपासणी झालेली नाही अशांना या तिमाहीतच पाठवावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.